डोळ्याला दिसते कसे?

२००३ सालच्या पावसाळ्यात आमच्या संघटनेकडे एक प्रकरण आले. एका सार्वजनिक उपक्रमातील कामगारावर रातपाळीत दारू पिऊन आल्याचा आरोप ठेवण्यात आला होता. आवारातून जाताना ते उभ्या हातगाडीवर आदळले, त्याच्या आदल्या आठवड्यात गटारात पडले, आणि मुकादमाने बोट दाखवलेली वस्तू समोर असूनही त्यांना सापडली नाही, असे आरोपपत्रात लिहिले होते. ते वाचून कोणालाही दारूच आठवावी. मलाही दुसरे काही सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे. ते गृहस्थ मात्र शांतपणे म्हणाले, "भाऊ, मी माळकरी माणूस. दारूला शिवत नाही. मला रात्रीचं दिसतच नाही. लहानपणी कमी दिसायचं, आता पार दिसेनासं झालंय."

त्यांना घेऊन मी सरकारी रुग्णालयात गेलो. तेथील डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत थेंब घालून आत पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "तुमचे आईवडील नात्यातले होते का?" हे म्हणाले, "होय, आई म्हणजे वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी." बाईंनी केसपेपरवर रोगाचे नाव लिहिले: रेटिनायटिस पिग्मेंटोझा. दिवसा ज्याला बरे दिसते त्याला रात्री दिसू नये हे कसे, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी त्याच कागदाच्या पाठीवर दोन रेघा काढल्या. एक मध्येच वाकलेली, दुसरी सरळ. "सगळं दिसणं या रेघेपासून सुरू होतं," एवढेच त्या म्हणाल्या. बाहेर रांग मोठी होती. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. त्या दोन रेघांचा अर्थ समजून घ्यायला मला बरीच वर्षे लागली. तो जसा समजला तसा आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

डोळा म्हणजे कॅमेरा, असे शाळेत सांगतात. ते भिंगापुरते खरे आहे. भिंगामुळे बाहेरच्या जगाची उलटी, लहानशी प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पडते. परंतु सिनेमाच्या पडद्यावर चित्र पडते म्हणून पडदा सिनेमा पाहतो असे आपण म्हणत नाही. तेव्हा खरा प्रश्न पुढेच आहे. पडलेला प्रकाश पकडतो कोण, आणि पकडल्याची वर्दी देतो कोण?

या पडद्याला दृष्टिपटल म्हणतात. कागदाइतक्या पातळ अशा या पटलात प्रकाश पकडणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी आहेत. आकारावरून त्यांना दंडपेशी आणि शंकुपेशी अशी नावे पडली आहेत. एका डोळ्यात दंडपेशी सुमारे १२ कोटी आणि शंकुपेशी सुमारे ६० लाख. शंकुपेशींना भरपूर उजेड लागतो; रंग आणि बारकावे त्या दाखवतात. दंडपेशींना रंग कळत नाहीत, पण अगदी अंधुक उजेडात त्याच कामाला येतात. पटलाच्या ऐन मध्यभागी मात्र दंडपेशी नसतात. कृत्तिकांचा पुंजका आपण रोखून पाहिला तर त्यातील मंद तारे नाहीसे होतात, आणि नजर जरा बाजूला वळवली की पुन्हा दिसू लागतात, याचे कारण हेच. ज्यांनी अंगणात बाजेवर पडून आकाश पाहिले आहे त्यांना हा अनुभव असेल.

प्रकाश पकडणाऱ्या द्रव्याचा शोध बेडकाच्या डोळ्यात लागला. १८७६ साली रोम येथे फ्रान्ट्स बोल या तरुण जर्मन शास्त्रज्ञाला असे आढळले की अंधारात ठेवलेल्या बेडकाचे दृष्टिपटल काढले तर ते तांबडे असते, आणि उजेडात आणताच पाहता पाहता फिके पडून रंगहीन होते. जिवंत बेडूक पुन्हा अंधारात ठेवला की रंग परत येतो. उजेडात उडणारा आणि अंधारात भरून येणारा रंग! पाहण्याच्या क्रियेशी याचा संबंध असला पाहिजे हे बोलने ओळखले. परंतु त्याला क्षय झालेला होता. १८७९ साली तिसाव्या वर्षी तो वारला.

हायडेलबर्गच्या विल्हेल्म क्यूने याने ते काम उचलले. त्याने पित्तातील क्षारांच्या साहाय्याने हे रंगद्रव्य पेशींतून वेगळे करून पाण्यात उतरवले. गुलाब आणि दृष्टी या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून त्याचे नाव पुढे ऱ्होडॉप्सिन असे रूढ झाले. क्यूनेचा एक प्रयोग जरा अघोरीच आहे. त्याने एक ससा डोके झाकून अंधारात ठेवला, मग गजांच्या खिडकीकडे तोंड करून काही मिनिटे त्याला पाहू दिले, आणि लगेच मारून त्याचे दृष्टिपटल तुरटीच्या पाण्यात टाकले. दुसऱ्या दिवशी पटलावर ती खिडकी गजांसह उमटलेली होती. जेथे उजेड पडला तेथला रंग उडाला होता, गजांच्या जागी तो टिकला होता. खून झालेल्याच्या डोळ्यात खुन्याचे चित्र राहते ही समजूत त्या काळी युरोपात फार बोकाळली. वस्तुतः चालत्या-फिरत्या माणसाच्या डोळ्यात रंग सतत उडत आणि भरत असतो, त्यामुळे असे चित्र टिकत नाही. १८८० साली ब्रूखजाल येथे शिरच्छेद झालेल्या एका कैद्याचा डोळा क्यूनेने तपासला, त्यातून ओळखू येईल असे काही निघाले नाही.

यानंतर गोष्ट जॉर्ज वॉल्डकडे येते. वॉल्ड न्यूयॉर्कचा, त्याचा बाप पोलंडच्या बाजूने आलेला शिंपी. १९३३ साली तो शिष्यवृत्तीवर जर्मनीत होता. बर्लिनमध्ये वारबुर्गच्या प्रयोगशाळेत त्याला दृष्टिपटलात 'अ' जीवनसत्त्व सापडले. झुरिकला कारर याच्याकडे, ज्याने या जीवनसत्त्वाची रचना नुकतीच उलगडली होती, त्याची खात्री झाली. मग तो हायडेलबर्गला आला. परंतु तोवर हिटलर सत्तेवर आला होता आणि वॉल्ड ज्यू होता. परत या, असे मायदेशाहून कळवण्यात आले. निघण्यापूर्वीच्या सुट्टीच्या दिवसांत बेडकांची एक खेप प्रयोगशाळेत आली. कोणी जाग्यावर नव्हते, म्हणून ते बेडूक वॉल्डने मागून घेतले, आणि त्यांच्या डोळ्यांत त्याला जीवनसत्त्वाच्या अलीकडची पायरी मिळाली: रेटिनल नावाचे पिवळे द्रव्य. म्हणजे ऱ्होडॉप्सिन हे दोघांचे मिळून बनते. ऑप्सिन नावाचे एक मोठे प्रथिन आणि त्याच्या पोटात बसलेले छोटेसे रेटिनल. हे रेटिनल 'अ' जीवनसत्त्वापासून होते.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. ऑप्सिनच्या माळेत ३४८ मणी आहेत. पेशीच्या आवरणातून ही माळ सात वेळा आरपार जाते, जसा दोरा कापडातून वर-खाली जावा तसा, आणि या सात टाक्यांच्या मध्ये जी पोकळी राहते तीत रेटिनल २९६ व्या मण्याला अडकवलेले असते. २० कार्बन अणूंचे हे रेटिनल अंधारात ११ व्या कार्बनपाशी वाकलेले असते. प्रकाशाचा कण त्यावर पडला की ते सरळ होते. डॉक्टरीणबाईंच्या दोन रेघा त्या याच. ही गोष्ट १९५० नंतरच्या दशकात रूथ हबर्ड यांनी वॉल्डच्या आणि पुढे ॲलन क्रॉप्फच्या सोबतीने सिद्ध केली. हबर्ड व्हिएन्नाच्या, नाझींमुळे देश सोडून आलेल्या. १९६७ सालचे नोबेल पारितोषिक वॉल्डला दोघा अन्य शास्त्रज्ञांसह मिळाले, त्यात हबर्ड यांचे नाव नव्हते. कामाची वाटणी आणि श्रेयाची वाटणी यांचा मेळ विद्यापीठांतही नेहमी बसतोच असे नाही.

सरळ होण्याची ही क्रिया सेकंदाच्या सुमारे पाच लाख कोटीव्या हिश्शात आटोपते. १९९१ साली कॅलिफोर्नियात ती मोजली गेली. आणि पाहण्याच्या साऱ्या व्यवहारात प्रकाशाकडे काम आहे ते एवढेच. पुढचे सर्व पेशीने स्वतःच्या शिधासामग्रीवर करावयाचे असते.

ते पुढचे काम मला फार विलक्षण वाटते. आपण समजतो की अंधारात डोळा स्वस्थ पडलेला असतो आणि उजेड आला की काम सुरू करतो. दंडपेशीत उलटे आहे. अंधारात तिच्या आवरणातील बारीक दारे उघडी असतात, त्यांतून सोडियम आणि कॅल्शियम आत वाहत असते, आणि पेशी दुसऱ्या टोकाकडून पुढील पेशींवर ग्लुटामेट नावाच्या द्रव्याचा सारखा पाझर सोडत असते. दारे उघडी ठेवण्याचे काम पेशीतील चक्रीय जीएमपी हा लहानसा रेणू करतो, हे १९८५ साली सोव्हिएत संघातील फेसेन्को व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. रेटिनल सरळ झाले की ऑप्सिनच्या पोटात ते मावत नाही. ऑप्सिनचा आकार बदलतो. बदललेले ऑप्सिन शेजारच्या ट्रान्सड्युसिन नावाच्या प्रथिनाला जागे करते, एकाला नव्हे, एकामागून एक अनेकांना. ती प्रथिने एका विकराला मोकळे सोडतात, आणि तो विकर चक्रीय जीएमपीचे रेणू हजारोंनी तोडतो. दारे मिटतात. प्रवाह थांबतो. पाझर कमी होतो. आणि हा थांबा हीच वर्दी! उजेड आला, हे मेंदूला कळते ते दंडपेशीने काम थांबवले म्हणून.

आयुष्य कामगार चळवळीत गेलेल्या माणसाला येथे काय आठवेल, ते सांगावयास नको. यंत्रमाग चालू असतात तेव्हा गल्लीतून जाणाऱ्याला त्यांचा खडखडाट ऐकूच येत नाही. ते थांबले की दाराशी माणसे जमतात. पण दृष्टान्त येथेच सोडतो. दंडपेशीची कोणावर तक्रार नसते.

एकाच कणाने इतके घडते म्हणून दंडपेशीची संवेदना अफाट आहे. १९४२ साली वॉल्डचे गुरू सेलिग हेक्ट यांनी दोन सहकाऱ्यांसह मोजले की अंधाराला सरावलेल्या डोळ्याला चमक जाणवण्यासाठी दंडपेशींनी ५ ते १४ प्रकाशकण पकडले तरी पुरते. १९७९ साली बेलर, लॅम्ब आणि याऊ यांनी बेडकाच्या जातीतल्या भेकाच्या एकाच दंडपेशीत एकेका कणाची नोंद मिळवली. एका दंडपेशीत पापडांच्या चळतीसारख्या सुमारे हजार चकत्या असतात आणि त्यांत मिळून ऱ्होडॉप्सिनचे सुमारे दहा कोटी रेणू. यातील एखादा रेणू प्रकाश नसताना चुकून सुटला तर खोटी वर्दी जाईल. परंतु असे एका रेणूच्या वाट्याला येते ते काही शे वर्षांतून एकदा. एवढी तयारी असून इतका संयम!

शंकुपेशींविषयी थोडक्यात सांगतो. त्यांतही रेटिनल तेच, फक्त ऑप्सिन वेगळे, आणि तेही तीन प्रकारचे. माळेतील काही मणी बदलले की तेच रेटिनल निळ्या, हिरव्या किंवा तांबड्या बाजूच्या प्रकाशाला अधिक दाद देते. तिघांच्या कमी-जास्त वर्दीवरून मेंदू रंग ठरवतो. त्यांची जनुके १९८६ साली जेरेमी नेथन्स व सहकाऱ्यांनी शोधली. हिरव्याचे व तांबड्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत. पुरुषाला ते गुणसूत्र एकच मिळते, म्हणून रंगांधळेपणा पुरुषांत पुष्कळ अधिक. याशिवाय मेलॅनोप्सिन नावाचे आणखी एक ऑप्सिन १९९८ साली बेडकाच्या त्वचेत आणि पुढे माणसाच्या दृष्टिपटलात सापडले. मेलॅनोप्सिनच्या पेशी मुख्यतः चित्र दाखवण्यासाठी नसून दिवस आहे की रात्र हे शरीराच्या घड्याळाला कळवण्यासाठी आहेत. रातपाळीचा कामगार सकाळच्या उन्हातून घरी जातो आणि मग त्याला झोप लागत नाही, यात त्यांचा वाटा आहे. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय होईल.

आता रेघ पुन्हा वाकवण्याकडे येऊ. सरळ झालेले रेटिनल ऑप्सिनपासून सुटते; तो उडालेला रंग. ते पटलाच्या मागच्या थरात जाते, तेथे त्याला पुन्हा वाकवतात, आणि परत येऊन ते ऑप्सिनमध्ये बसते. याला वेळ लागतो. भर उन्हातून अंधाऱ्या शेडमध्ये शिरल्यावर प्रथम काहीच दिसत नाही, दहाएक मिनिटांत शंकुपेशी सरावतात, आणि दंडपेशींना पुरते सरावण्यास अर्धा तास किंवा थोडा अधिक लागतो. वय वाढेल तसा हा वेळही वाढतो. आत आलेला माणूस लगेच ओझे उचलून चालू लागतो तेव्हा तो, कायद्याच्या भाषेत नसला तरी, काही काळ आंधळाच असतो. उन्हाची वाट आणि अंधारी शेड यांच्यामध्ये मध्यम उजेडाचा टप्पा असावा, ही मागणी मी तेव्हापासून प्रत्येक मागणीपत्रात घालतो. बल्बांचा खर्च तो काय!

आणि या फेऱ्यात रेटिनल थोडेथोडे खर्ची पडते. भरपाई अन्नातूनच व्हावी लागते, कारण 'अ' जीवनसत्त्व आपले शरीर स्वतः घडवू शकत नाही. कलेजी, अंडी, दूध, लोणी यांत ते तयार मिळते. शेवग्याचा पाला, माठ, अळू, गाजर, लाल भोपळा, पिकलेला आंबा यांत त्याचे मूळद्रव्य मिळते, ज्याचे शरीर दोन तुकडे करते. पालेभाजीबरोबर थोडे तेल हवे, नाहीतर ते अंगी लागत नाही. साठा यकृतात असतो, आणि तो संपत आला की पहिली तक्रार दंडपेशींची: संध्याकाळ झाली की पोर चाचपडू लागते. रातांधळेपणावर बोकडाच्या यकृताचा उपाय सुश्रुतसंहितेत आहे, तो उगाच नव्हे. कमतरता वाढली तर बुबुळ कोरडे पडते, त्यावर व्रण होतो, आणि मूल कायमचे आंधळे होते.

ही कमतरता निसर्गातली की बाजारातली, हे डेन्मार्कच्या उदाहरणावरून पाहावे. पहिल्या महायुद्धात तो देश तटस्थ होता आणि त्याच्या लोण्याला परदेशात चढा भाव होता. लोणी बाहेर जाई. गरिबांच्या मुलांना साय काढलेले दूध आणि मार्गारीन उरे. कार्ल ब्लॉक या बालरोगतज्ज्ञाकडे डोळे कोरडे पडलेली, व्रण झालेली मुले वाढत्या संख्येने येऊ लागली. १९१७ साली जर्मन पाणबुड्यांच्या नाकेबंदीने निर्यात अडली, वर्षअखेर सरकारने लोण्याचे रेशनिंग केले, आणि १९१८ मध्ये हा रोग जवळजवळ दिसेनासा झाला. युद्ध संपून निर्यात सुरू होताच तो पुन्हा दिसू लागला. गाई त्याच, कुरणेही तीच. लोणी कोणाच्या ताटात पडले एवढाच फरक.

आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधनाच्या आधारे १९७० साली लहान मुलांना 'अ' जीवनसत्त्वाची मोठी मात्रा देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर १ लाख एकके, आणि मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख, अशी ती मात्रा आहे. पूर्वीच्या मानाने अशा अंधत्वाचे प्रमाण पुष्कळच कमी झाले आहे. मात्र हे औषध मनाने घ्यावयाचे नव्हे. जास्त झाले तर अपाय करते.

आमच्या कामगाराला अनेकांनी गाजरे खाण्याचा सल्ला दिला होता. त्यांनी ती खाल्लीही. पण त्यांच्यात जीवनसत्त्व कमी नव्हते. दंडपेशीच मरत चालल्या होत्या. या रोगात कोणते ना कोणते जनुक बिघडलेले असते. पहिले असे नेमके बिघाड १९९० साली थॅडियस ड्रायजा व सहकाऱ्यांनी ऱ्होडॉप्सिनमध्येच दाखवले: ३४८ मण्यांपैकी २३ वा मणी चुकीचा. एवढ्याने प्रथिनाची घडी नीट बसत नाही आणि पेशी वर्षानुवर्षे खंगत जाते. पुढे अशा शेकड्यावर चुका एका ऱ्होडॉप्सिनच्या जनुकात सापडल्या, आणि इतर अनेक जनुकांतही. काही घराण्यांत एका बाजूने आलेला दोष पुरतो. काहींत आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, आणि नात्यातल्या लग्नांत तसे होण्याचा संभव वाढतो. डॉक्टरीणबाईंचा पहिला प्रश्न त्यासाठी होता. दंडपेशी गेल्या की त्यांच्या आधाराने जगणाऱ्या निर्दोष शंकुपेशीही मागाहून जातात. प्रथम रात्र जाते, मग कडेचे दिसणे, आणि शेवटी नळीतून पाहावे तसे मधले तेवढे उरते.

चौकशीत आम्ही केसपेपर दाखल केला. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार, नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून अशा उपक्रमातील कामगाराला काढता येत नव्हते. झेपेल अशा कामावर त्याच वेतनाने घ्यावे लागत असे. ती तरतूद आता २०१६ च्या कायद्याच्या २० व्या कलमात आहे. दारूचा आरोप मागे घेतला गेला आणि त्यांना दिवसपाळी मिळाली. दिवस मावळायच्या आत घरी पोचता यावे म्हणून हिवाळ्यात अर्धा तास लवकर सोडावे, यासाठी मात्र आणखी एक वर्ष पत्रव्यवहार करावा लागला.

अलीकडे या रोगावर दोन गोष्टी घडल्या आहेत. रेटिनल पुन्हा वाकवणाऱ्या आरपीई६५ या प्रथिनाचे जनुक ज्यांच्यात बिघडलेले आहे, त्यांच्या डोळ्यात चांगले जनुक सोडण्याच्या उपचाराला अमेरिकेने २०१७ च्या डिसेंबरात मान्यता दिली. दोन्ही डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर ठेवण्यात आली. आमच्या मित्रांचा दोष त्या जातीचा नव्हता, त्यामुळे किमतीचा विचार करण्याची वेळ आली नाही. दुसरी गोष्ट २०२१ ची. फ्रान्समध्ये याच रोगाने आंधळ्या झालेल्या एका ५८ वर्षांच्या गृहस्थाच्या डोळ्यात, मेंदूकडे वर्दी नेणाऱ्या पेशींमध्ये, शेवाळातल्या प्रकाशग्राही प्रथिनाचे जनुक घातले. हे प्रथिन आपल्या ऑप्सिनच्याच धर्तीचे. शेवाळ त्याच्या साहाय्याने उजेडाची दिशा ओळखते. काही महिन्यांच्या सरावानंतर खास चष्मा लावून त्या गृहस्थाला टेबलावरची वही कोठे आहे ते कळू लागले, हात नेऊन ती धरता येऊ लागली.

ही बातमी मी आमच्या मित्रांना घरी जाऊन वाचून दाखवली. आता त्यांना समोरचे वाटीएवढे दिसते. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारले, "शेवाळ म्हणजे ते कुठलं, भाऊ? आपल्या विहिरीत असतं ते का?"

मी म्हटले, "त्याच जातकुळीतलं."